लेखकांची आयुष्यं भिंतीवर: इंदूरच्या वाचनालयासाठी बारा फलक, नावं आणि मजकूर सुचवा

मालवी_मुक्काम (इंदूर)
वाचनालयाच्या वाचनकक्षात इंग्रजी आणि भारतीय लेखकांवर कायमस्वरूपी फलक लावायचे ठरलं आहे. भिंत २४ फूट सलग, खिडकी नाही. बारा फलक, ए-१ आकार, उभे. जन्म-मृत्यू-ग्रंथसंपदा छापाचा मजकूर नको, तो मोबाईलवर मिळतो. लेखक गेल्यावर त्याच्या लिखाणाचं पुढे काय झालं, ते कोणी सांभाळलं, मराठीत कसं आलं, हे प्रत्येक फलकावर हवं. सोबत मूळ लेखनातला एक उतारा.

कच्ची यादी: शेक्सपियर, जेन ऑस्टिन, कीट्स, डिकन्स, किपलिंग, ऑरवेल, कालिदास, टागोर, प्रेमचंद, सरोजिनी नायडू, आर. के. नारायण, मुल्कराज आनंद.

प्रश्न तीन. यादी बरोबर आहे का? कुणाचे उतारे परवानगीशिवाय छापता येतील? आणि छपाईत कुठे फसतं?

शेवपुराण (इंदूर)
यादी बरी आहे, पण वरून शेव पडलेली नाही. इंदूरचं काय आहे यात? हीच यादी भोपाळात लावा, पुण्यात लावा, काही बिघडणार नाही.

सुतारपक्षी (देवास)
आधी भिंत मोजा, मग लेखक. ए-१ म्हणजे ५९४ × ८४१ मिमी. बारा उभे फलक म्हणजे ७.१३ मीटर, आणि तुमची २४ फुटी भिंत ७.३१ मीटर. उरलेल्या अठरा सेंटिमीटरमध्ये अकरा फटी कशा बसवणार? दोन फलकांत निदान १५ सेंमी मोकळी भिंत लागते, नाहीतर डोळा एका लेखकावरून दुसऱ्यावर घसरतो. नऊ फलक घेतले तर फटींसकट ६.५५ मीटर होतात आणि दोन्ही टोकांना हातभर जागा राहते. तीन लेखक कमी करा.

पाती (देवास)
शेवपुराण यांना +१. पस्तीस-चाळीस किलोमीटरवर देवास आहे आणि यादीत ई. एम. फॉर्स्टर नाही, हे कसं चालेल?

फॉर्स्टर १९१२-१३ च्या भारतभेटीत देवासला आला होता. १९२१ मध्ये देवास थोरल्या पातीचे (संस्थानाच्या थोरल्या शाखेचे) महाराज तिसरे तुकोजीराव पवार यांचा खासगी सचिव म्हणून काही महिने राहिला. 'अ पॅसेज टु इंडिया' त्याने पहिल्या भेटीनंतर १९१३ मध्ये सुरू करून अर्धवट सोडली होती. हस्तलिखित बरोबर घेऊन देवासला आला, पण प्रत्यक्ष देश समोर असताना ते पुढे सरकेना. इंग्लंडला परतल्यावर पुरी केली, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा शेवटचा भाग, देवळातला कृष्णजन्म, देवासच्या गोकुळाष्टमीवरून घेतला आहे. देवासची पत्रं आणि आठवणी 'द हिल ऑफ देवी' या नावाने १९५३ मध्ये आल्या. 'देवी' म्हणजे आपली टेकडीवरची चामुंडा.

एक खबरदारी. 'कादंबरी देवासमध्ये घडते' असं सरसकट लिहू नका. कादंबरीतलं चंद्रपूर बेतलं आहे पाटण्याजवळच्या बांकीपूरवर, आणि तिच्यातल्या मराबारच्या गुहा बिहारमधल्या बराबर टेकड्यांवरून घेतल्या आहेत. आपला आहे तो तिसरा भाग. तेवढाच सांगा, तो पुरेसा मोठा आहे.

मांडवी (वडोदरा)
मग बडोद्याने काय पाप केलंय? अरविंद घोष १८९३ ते १९०६ बडोदा संस्थानच्या नोकरीत होते, बडोदा कॉलेजात फ्रेंच आणि इंग्रजी शिकवत होते. सातव्या वर्षी इंग्लंडला धाडलेला मुलगा, परतला तेव्हा बंगाली येत नव्हतं. संस्कृत, मराठी, गुजराती, बंगाली ही सगळी बडोद्यात शिकून झाली. बंगाली बोलायचा सराव व्हावा म्हणून दिनेंद्रकुमार राय येऊन राहिले होते. इंग्रजीत लिहिणाऱ्या भारतीयाची घडण कशी होते, यासाठी याहून चांगला फलक मिळायचा नाही.

शेवपुराण
बडोदा इंदुरात कसं आलं?

मांडवी
चालत. जसे तुमच्याकडे होळकर आले तसेच.

कलमबहाद्दर (इंदूर)
उताऱ्यांबद्दल सांगतो, कारण इथेच सगळे घसरतात.

आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा. लेखक ज्या वर्षी वारला त्याच्या पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची. शेक्सपियर, ऑस्टिन, कीट्स, डिकन्स यांचा प्रश्नच नाही. किपलिंग १९३६, प्रेमचंद १९३६, टागोर १९४१, ऑरवेल १९५०: सगळे मोकळे. फॉर्स्टर १९७० मध्ये गेला, म्हणजे ३१ डिसेंबर २०३० पर्यंत हक्क आहेत. आर. के. नारायण २००१, म्हणजे २०६१ अखेर. मुल्कराज आनंद २००४, म्हणजे २०६४ अखेर.

आता खड्डे.

पहिला, भाषांतर. मूळ मोकळं असलं तरी भाषांतरकाराचा हक्क वेगळा. शेक्सपियरचा उतारा मराठीत हवा म्हणून शिरवाडकरांचं 'राजमुकुट' (मॅकबेथ) उचललंत तर ते १९९९ मध्ये गेले, हक्क २०५९ अखेरपर्यंत. विंदांचं 'राजा लिअर' २०७० अखेर. उलट आगरकरांचं 'विकारविलसित' (हॅम्लेट, १८८३) आणि देवलांचं 'झुंझारराव' (ऑथेल्लो, १८९०) बेलाशक छापा. जुनं मराठी भिंतीवर दिसतंही छान.

दुसरा, मरणोत्तर प्रकाशन. लेखक हयात असताना न छापलेलं लिखाण नंतर प्रसिद्ध झालं तर ६० वर्षं प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून. फॉर्स्टरचीच 'मॉरिस' घ्या. लिहिली १९१३-१४ मध्ये, छापली १९७१ मध्ये. हयातीत छापलेला फॉर्स्टर २०३१ च्या पहिल्या तारखेला मोकळा होईल, 'मॉरिस' त्यानंतर वर्षाने. सरोजिनी नायडू १९४९ मध्ये गेल्या, पण 'द फेदर ऑफ द डॉन' मुलीने १९६१ मध्ये प्रसिद्ध केलं, म्हणून ते २०२१ अखेरपर्यंत अडकून होतं.

तिसरा, फोटो. लेखकाचा फोटो लेखकाचा नसतो, काढणाऱ्याचा असतो. इंटरनेटवरून उचलू नका. एखाद्या चित्रकाराकडून नऊ रेखाचित्रं करून घ्या आणि छपाईची परवानगी कागदावर लिहून घ्या.

शब्दखूण (पुणे)
समीक्षेसाठी थोडं अवतरण देता येतंच की. कलम ५२. चार ओळींनी फॉर्स्टरचे वारसदार इंदूरला येणार नाहीत.

कलमबहाद्दर
वारसदार म्हणजे केंब्रिजचं किंग्ज कॉलेज, लिखाणाचे हक्क त्यांच्याकडे आहेत. ते येणार नाहीत, खरं आहे. पण कलम ५२ मधली सवलत समीक्षेसाठी किंवा परीक्षणासाठी आहे. फलकावर तुम्ही त्या चार ओळींबद्दल काही म्हणत असाल तर ठीक. नुसती शोभेची चौकट करून लावणार असाल तर ती समीक्षा नव्हे. म्हणून फॉर्स्टरच्या फलकावर उतारा छोटा, आणि त्याखाली आपलं भाष्य मोठं. उद्घाटनाला वाचन ठेवलंत तर चिंता नको, छापील पुस्तकातला वाजवी उतारा जाहीरपणे वाचायला कायद्याची हरकत नाही.

लष्कर_ग्वाल्हेर
मराठी वाचनालय, आणि यादीत एकही मराठी कवी नाही? भा. रा. तांबे. देवासशी संबंध शिक्षणापासूनचा, नंतर ग्वाल्हेरचे राजकवी, तिथेच १९४१ मध्ये गेले. आणि इंग्रजी-भारतीय सांधा हवा असेल तर तो याच माणसात आहे. ब्राउनिंगचा नाट्यात्म एकभाषिताचा साचा, एक पात्र बोलतंय आणि समोरचा गप्प आहे, तो तांब्यांनी मराठीत नाट्यगीत म्हणून रुजवला. टागोरांचाही परिणाम आहेच.

फलकावर ब्राउनिंगची 'माय लास्ट डचेस' (१८४२) आणि तांब्यांचं एखादं नाट्यगीत शेजारी शेजारी लावा, वर 'कोण बोलतंय? कोणाशी?' एवढंच लिहा. वाचणारा स्वतःच जोडेल. मजकुरासाठी माधव जूलियनांनी संपादित केलेली १९३५ ची समग्र कविता वापरा. गाण्यांच्या पुस्तकांत कडवी गाळलेली असतात, तिथून उतरवू नका.

कलमबहाद्दर
तांब्यांवरून एक गंमत. पूर्वी मुदत ५० वर्षांची होती. टागोर १९४१ मध्ये गेलेले, म्हणजे १९९१ अखेरीस विश्वभारतीचे हक्क संपणार होते. ते टिकावेत म्हणून मुदत दहा वर्षांनी वाढवली, १९९२ मध्ये कायदा दुरुस्त झाला. तांबेही १९४१ चेच. टागोरांच्या गाडीत बसून तांब्यांनाही दहा वर्षं फुकट मिळाली, दोघे एकदमच २००२ च्या १ जानेवारीला मोकळे झाले.

शेवपुराण
मग एकाच फलकावर दोघे! जागा वाचली, सुतारपक्षी खूश.

लष्कर_ग्वाल्हेर
विनोद म्हणून म्हणालात, पण कल्पना चांगली आहे.

रियाज_सकाळचा (देवास)
अवांतर: देवासच्या कुमार गंधर्वांनी 'मला उमजलेले भा. रा. तांबे' हा अख्खा कार्यक्रम बांधला होता. फलकाजवळ क्यूआर कोड लावून ऐकवता येईल.

कलमबहाद्दर
शब्द मोकळे झाले म्हणून ध्वनिमुद्रण मोकळं होत नाही. त्याची मुदत वेगळी, चालीचा हक्क वेगळा. अधिकृत ठिकाणी आधीच उपलब्ध असलेल्या मुद्रणाचा दुवा द्या. वाचनकक्षात स्पीकरवर लावायचं असेल तर परवाना घ्या. तसंही वाचनकक्षात स्पीकर कशाला?

शाळामास्तर (उज्जैन)
कालिदासाच्या फलकावर सालाच्या जागी काय लिहिणार, हे आधी ठरवा. 'इ.स.पू. पहिलं शतक' किंवा 'चंद्रगुप्त विक्रमादित्याचा राजकवी' यातलं एक ठोकून दिलंत की दुसऱ्या दिवशी कोणीतरी वहीत तक्रार लिहिणार. दोन काठ द्या. 'मालविकाग्निमित्र'चा नायक शुंग राजा अग्निमित्र, तेव्हा इ.स.पू. दुसऱ्या शतकाआधी नाही. ऐहोळच्या ६३४ च्या शिलालेखात रविकीर्तीने कालिदासाचं नाव घेतलं आहे, तेव्हा त्यानंतर नाही. वरचा काठ आणखी खाली आणायचा तर आपल्या माळव्यातलाच लेख आहे: मंदसौरचा, रेशीम विणकरांच्या सूर्यमंदिराचा, वत्सभट्टीने रचलेला, इ.स. ४७३ चा. त्यातल्या श्लोकांवर 'मेघदूता'ची छाया बहुतेक अभ्यासक मानतात. हे तीन दगड दाखवले की सालाच्या खोट्या आकड्याची गरज उरत नाही.

'उज्जैनचा रहिवासी' असंही लिहू नका. 'मेघदूता'त उज्जयिनीवर जीव टाकला आहे, मेघाला वाट वाकडी करून तिकडे जायला सांगितलं आहे, एवढं खरं. त्यावरून तो इथलाच हा आपला निष्कर्ष.

वारशासाठी: विल्यम जोन्सचं 'शाकुंतला'चं इंग्रजी भाषांतर १७८९ चं. त्यावरून १७९१ मध्ये गेओर्ग फॉर्स्टरने जर्मन केलं, ते गटेने वाचलं.

शेवपुराण
थांबा, हा फॉर्स्टर देवासचाच का?

शाळामास्तर
नाही हो. हा कॅप्टन कुकबरोबर जगप्रवास केलेला जर्मन निसर्गअभ्यासक, देवासवाल्याच्या जन्माआधी ८५ वर्षं वारला. दोन फलक शेजारी लावू नका, नाहीतर माहिती देणारा स्वयंसेवक हमखास गोंधळ करणार.

शब्दखूण
ठोकून दिलेल्या गोष्टींवरून आठवलं. या तीन फलकावर येऊ देऊ नका.

शेक्सपियरचा जन्म २३ एप्रिल: नोंद आहे ती २६ एप्रिल १५६४ च्या बाप्तिस्म्याची, २३ हा नंतरचा संकेत. त्यापेक्षा १६२३ चा फोलिओ, म्हणजे मोठ्या आकारातला नाटकांचा संग्रह, सांगा. मरणानंतर सात वर्षांनी हेमिंग्ज आणि कंडेल या दोन सहकारी नटांनी ३६ नाटकं एकत्र छापली, त्यातली १८ आधी कधीच छापली नव्हती. 'मॅकबेथ' आणि 'द टेम्पेस्ट' त्यातलीच. दोन नटांनी हा उद्योग केला नसता तर 'राजमुकुट' कशावरून झालं असतं?

कीट्स टीकेने मेला: क्षयाने, रोममध्ये, १८२१ साली, पंचविसाव्या वर्षी. टीकेची दंतकथा शेली आणि बायरन यांनी चालवली.

जेन ऑस्टिन हयातीत अज्ञात होती: अर्धसत्य. पुस्तकांवर नाव नव्हतं, 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'वर (१८११) नुसतं 'एका बाईने लिहिलेली' असं होतं. पण पुस्तकं खपत होती, आणि 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चे हक्क तिने ११० पौंडांना विकून टाकले होते. फलकासाठी खरी गोष्ट विंचेस्टर कॅथिड्रलमधली आहे. थडग्याच्या दगडावर तिच्या स्वभावाची स्तुती आहे, कादंबऱ्यांचा उल्लेखच नाही. तो करणारी पितळी पट्टी १८७२ मध्ये आली, मृत्यूनंतर ५५ वर्षांनी.

रामबाग_वाचक (इंदूर)
एवढं सगळं झालं तरी गजानन माधव मुक्तिबोधांचं नाव कोणी घेईना! मराठी घर, जन्म १९१७ श्योपूर, तेव्हाचं ग्वाल्हेर संस्थान. बी. ए. इंदूरच्या होळकर कॉलेजातून. लिहिलं हिंदीत. धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत कवी आणि कादंबरीकार, त्यांच्या कादंबरीचं नावच 'क्षिप्रा'. एका घरात दोन भाषांचे दोन मोठे लेखक, आणि आपण किपलिंग शोधतोय.

वारसा म्हणाल तर १९६२ मध्ये त्यांच्या 'भारत: इतिहास और संस्कृति' या पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश सरकारनेच बंदी घातली. पहिला स्वतंत्र कवितासंग्रह 'चाँद का मुँह टेढ़ा है' ११ सप्टेंबर १९६४ ला ते गेल्यानंतर निघाला, हातात पडला नाही. १९६४ म्हणजे आता मोकळे, बरोबर ना?

कलमबहाद्दर
१ जानेवारी २०२५ पासून, पण सगळं नाही. हयातीत नियतकालिकांत आलेलं आणि १९६४ च्या संग्रहातलं मोकळं. १९८० मध्ये 'भूरी-भूरी खाक-धूल' आणि 'रचनावली' (समग्र लेखन) आली. त्यात पहिल्यांदाच छापलेलं जे असेल त्याची मुदत २०४० अखेर. उतारा रचनावलीतून टाइप करायला हरकत नाही, फक्त ती कविता आधी छापली होती का ते पाहून घ्या. सोपा उपाय म्हणजे १९६४ च्या संग्रहातलीच निवडा.

पेटीवाली (इंदूर)
नऊ पुरुषांची भिंत होत चालली आहे, एकटी ऑस्टिन कोपऱ्यात. सरोजिनीबाई यादीत होत्या, त्यांचं पुढे कुणी बोललंच नाही. त्या नको असतील तर महादेवी वर्मा घ्या, त्यांचं सुरुवातीचं शालेय शिक्षण इंदुरात झालं. आणि त्याही ११ सप्टेंबरलाच गेल्या, १९८७ मध्ये. वर्षातून एक कार्यक्रम दोघांचा मिळून करता येईल.

कलमबहाद्दर
सुचवणी उत्तम, पण महादेवींचे हक्क २०४७ अखेरपर्यंत. पूर्ण कविता छापायची तर प्रकाशकाला पत्र लिहा. पत्रात फलकाचा आकार, जागा, तिकीट नाही, किती ओळी, कोणत्या आवृत्तीतून, हे सगळं द्या. 'परवानगी द्यावी' एवढंच लिहिलं की उत्तर येत नाही.

टंकनिका (इंदूर)
छपाई. इंदूरचे फ्लेक्सवाले हिंदीला सरावलेले, मराठीत तिथेच फसतं. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यातला अर्धा ऱ जुन्या हिंदी फाँटमध्ये तुटतो किंवा त्याचा रफार होतो. 'ॲ' ची चंद्रकोर उडते आणि 'ॲन' चा 'अन' होतो. म्हणून:

मजकूर युनिकोडमध्येच द्यायचा आणि दुकानात पुन्हा टाइप करू द्यायचा नाही. पीडीएफ स्वतः करायची, अक्षरं बाह्यरेषांत बदलून. म्हणजे त्यांच्या संगणकावर फाँट असो वा नसो. भाषा 'मराठी' निवडा, हिंदी राहिली तर ल आणि श हिंदी वळणाचे येतात. पानं मांडायच्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्या नीट जुळवणारा 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' चालू नसेल तर वेलांट्या जागा सोडतात. रेखाचित्रं १५० डीपीआयला, म्हणजे ए-१ पूर्ण भरायचं तर ३५०८ × ४९६७ पिक्सेल. व्हॉट्सॅपवरून मागवलेलं चित्र फोटो म्हणून आलं तर लहान होऊन येतं, फाइल म्हणूनच मागवा.

फ्लेक्स नको, त्याला वळ्या पडतात. ५ मिमी सनबोर्ड (फोमचा कडक पुठ्ठा), वर मॅट लॅमिनेशन. चकचकीत केलंत तर ट्यूबलाइटच तेवढी वाचता येईल. मजकूर एका फलकावर १५० शब्दांच्या आत, अक्षर ३२ पॉइंट, त्याखाली नाही.

एक पूर्ण फलक आधी छापून भिंतीवर लावून वाचा, मग बाकीचे आठ. मुद्रित तपासणाऱ्याने तो मजकूर आधी पाहिलेला नसावा.

पाती
फॉर्स्टरच्या फलकावर चूक राहिली तरी चालेल. त्याच्या कादंबरीत उत्सवातल्या पाटीवर 'गॉड इज लव्ह' मधल्या 'इज'ची अक्षरं उलटी पडून 'गॉड सी लव्ह' झालं आहे.

टंकनिका
तो इंदूरच्याच फ्लेक्सवाल्याकडे गेला असणार.

सुतारपक्षी
लावताना दुहेरी टेप वापरू नका. डिस्टेंपरचा पापुद्रा घेऊन पावसाळ्यात खाली येतात. वर ॲल्युमिनियमची पट्टी स्क्रूने ठोका, फलक हुकांना टांगा, म्हणजे मजकूर बदलायचा झाल्यास एकेक काढता येतो. मध्यबिंदू जमिनीपासून १४० सेंमीवर. प्रदर्शनवाले १५० सांगतात, पण तुमचे वाचक बायफोकलवाले, मान वर करून वाचणार नाहीत.

मालवी_मुक्काम
सगळ्यांचे आभार. नऊ पक्के करतो. कालिदास (तीन दगडांसह), शेक्सपियर (फोलिओ, खाली 'झुंझारराव'चा उतारा), ऑस्टिन, प्रेमचंद, अरविंद, टागोर आणि तांबे एकत्र, फॉर्स्टर, महादेवी, मुक्तिबोध. मुल्कराज आनंद फॉर्स्टरच्या फलकावर खालच्या चौकटीत, कारण 'अनटचेबल'ला (१९३५) प्रस्तावना फॉर्स्टरची आहे. फॉर्स्टरने पॅसेजचं हस्तलिखित लंडन लायब्ररीच्या मदतीसाठी दिलं आणि १९६० च्या लिलावात त्याला ६५०० पौंड आले, तेही घेतोय. वाचनालयाच्या भिंतीवर ते हवंच, देणगीदार वाचतात.

शब्दखूण
डिकन्सला काढलंत? अहो, ऑस्टिन ठेवून डिकन्स काढायचा म्हणजे...

पेटीवाली
हो, काढला. नऊच जागा आहेत.

मालवी_मुक्काम
भिंतीला इलाज नाही.

शब्दखूण
मग सूचनाफलकावर हप्त्यांनी लावा. त्याचं 'पिकविक' १८३६-३७ मध्ये तसंच आलं होतं: वीस भाग, एकोणीस अंकांत, महिन्याला एक, किंमत एक शिलिंग, ३२ पानं. पहिल्या महिन्याला शेकड्यांत प्रती, शेवटी चाळीस हजारांच्या घरात. तुम्ही महिन्याला ए-४ चा एक कागद लावा. हक्कांचा प्रश्न नाही, खर्च झेरॉक्सचा.

टंकनिका
ए-४ ला १६ पॉइंट पुरेल. पहिला भाग पाठवा, मांडून देते.